शाळेला दांडी... गोव्यासाठी आणि कोयत्यासाठी!

ऑफ सीझन पॅकेज स्वस्त पडतं म्हणून पोरांची चार दिवस शाळा बुडवावी का? शहरातल्या आईबाबांना छळणारा हा प्रश्न बीड जिल्ह्यात वेगळ्याच रूपात भेटतो. तिथे शाळा पाच महिने बुडते. आणि पॅकेज नसतं, उचल असते.

नोव्हेंबर उजाडला की आमच्या ऑफिसात लंच टाइमला एकच विषय असतो. नाताळच्या आठवड्यात गोव्याचे रेट आभाळाला भिडतात, मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जाऊन आलं तर? विमानाचं तिकीट स्वस्त, बीचवर गर्दी नाही, हॉटेलवाला हसून बोलतो. अडचण एकच, पोरांची शाळा! मग कुणी ‘व्हायरल फीव्हर’ची चिठ्ठी पाठवतो, कुणी गावाकडच्या मावशीचं लग्न काढतो. मावशीचं लग्न तीन वर्षांत दोनदा झालं तरी टीचर बिचाऱ्या काही बोलत नाहीत.

आपल्याकडे हे खपून जातं. इंग्लंडमध्ये नाही. तिथे परवानगीशिवाय पाच दिवस शाळा बुडली, तर ऑगस्ट २०२४ पासून एका मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड आहे. एकवीस दिवसांत भरला नाही तर १६० पौंड. २०१५ साली जॉन प्लॅट नावाचे गृहस्थ मुलीला घेऊन शाळेच्या दिवसांत फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड बघायला गेले. दंड भरायला ते तयार नव्हते. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये ते हरले. जर्मनीत तर २०१८ च्या मे महिन्यात बव्हेरियातल्या विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांना घेऊन सुट्टीआधीच निघालेली कुटुंबं हेरली होती. चेक-इनच्या रांगेत पोलीस विचारतोय, ‘काय रे बाळ, आज शाळा नाही का?’ कल्पना करा!

आपल्या शिक्षण हक्क कायद्यात असा दंड नाही. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे, एवढं त्यात आहे. २०० पैकी चार दिवस म्हणजे दोन टक्के. पोरगं हुशार असेल, घरी लॅपटॉप असेल, आईबाबा शिकलेले असतील, तर ते चार दिवस रविवारी भरून निघतात. तेव्हा गोव्याला जाणाऱ्यांनी फार अपराधी वाटून घेऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण दांडीची दुसरी एक तऱ्हा मी लहानपणापासून पाहिलीय.

‘कारखान्याला गेलं, गुरुजी!’

मी मूळचा केज तालुक्यातला. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवाळीची सुट्टी संपली की वर्गात पोरांपेक्षा बस्करपट्ट्या जास्त दिसायच्या. गुरुजी हजेरी घ्यायचे. एकेक नाव पुकारलं की मागून कुणीतरी ओरडायचं, ‘कारखान्याला गेलं, गुरुजी!’ गुरुजी मान हलवून पुढचं नाव घ्यायचे. कारखान्याला जाणं म्हणजे ऊसतोडीला जाणं, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई इथून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी पार कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. वर भांडीकुंडी, ज्वारीचं पोतं, शेळी, कोंबड्या आणि पोरं. परत यायचं मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचं गाळप बंद झालं की.

आता हिशोब करा. जूनच्या मध्यावर सुरू झालेली शाळा दिवाळीपर्यंत भरली. नंतरचे चार-पाच महिने पोरगं उसाच्या फडात. २०० पैकी जवळजवळ निम्मे दिवस गेले! आणि खरी गंमत पुढे आहे (गंमत म्हणायची जीभ होत नाही, पण म्हणतो). हे कुटुंब घरी परत येतं, तेव्हा शाळेची उन्हाळी सुट्टी तोंडावर आलेली असते. म्हणजे शाळा चालू तेव्हा पोरगं फडात आणि पोरगं घरी तेव्हा शाळेला कुलूप.

शाळेतला खाडा, फडातला खाडा

‘मग पोरांना नेतातच कशाला? शिक्षणाचं महत्त्व कळत नाही का?’ हा प्रश्न मला पुण्यातल्या चांगल्या शिकलेल्या मित्रांनीही विचारलाय. उत्तर उसतोडीच्या व्यवहारात आहे.

तिथे मजूर एकेकटा मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती कोयत्यावर. आजकाल ती लाखाच्या घरात जाते. त्यातच दवाखाना, लग्न, घराचं पत्र्याचं छप्पर भागतं. बायको पोरांसाठी मागे राहिली तर उरला ‘अर्धा कोयता’ आणि उचलही अर्धीच. दोघंही निघाले तर मागे पोरांपाशी कोण? आजी-आजोबा धडधाकट असतील तर ठीक. नसतील तर पोरं ट्रकमध्ये.

फडात एक दिवस काम चुकलं तर त्यालाही ‘खाडा’च म्हणतात. तो पैशात कापला जातो, मग ताप असो की पाळी. आपल्या पोरांचा शाळेतला खाडा फुकट असतो. या आईबापांना कामाचा खाडा परवडत नाही, म्हणून पोरांच्या शाळेचा खाडा होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. ती हवीच होती, पण पोरांना कुठं ठेवायचं हा प्रश्न दरवाढीने सुटत नाही.

फडात पोरं काय करतात? धाकट्या भावंडाला सांभाळतात, पाणी आणतात, वाढे गोळा करतात. दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीवर भाकरी थापते, कारण आई पहाटे अंधारातच फडात गेलेली असते. रात्री गाडी भरायला आली की मोळ्या वाहायला आईबाप पुन्हा उठतात. एप्रिलमध्ये गावी आल्यावर पोरगं पटावर असतं, पुढच्या वर्गातही जातं, पण हातच्याची वजाबाकी दिवाळीला सुटलेली ती सुटलेलीच.

मुलगी मोठी झाली की काळजी वाढते. गावात एकटी ठेवता येत नाही, कोपीला दार नसतं. मग सोपा उपाय निघतो, लग्न! लग्न झालं की नवा कोयताही तयार होतो. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. दांडी एका हंगामाची राहत नाही, ती अशी कायमची होते.

ठेवायचं कुठं?

उपाय झालेच नाहीत असं नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘जनार्थ’ या संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. पोरं जिथे जातील तिथे शाळा न्यायची, असा तो फंडा. सर्व शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहं आली. त्यांचा विचार उलटा होता: पोरगं गावातच राहू दे, त्याच्या जेवणाखाण्याची सोय शाळेने बघावी. शिक्षकच घरोघर जाऊन ‘पोरीला ठेवून जा’ म्हणून विनवायचे. जून २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलामुलींची मिळून ८२ वसतिगृहं, प्रत्येकात १०० जणांची सोय.

माझा कौल वसतिगृहाला आहे. फडाजवळच्या शाळेत पोरगं गेलं तरी दुपारनंतर भाऊ सांभाळायला तेच लागतं. गावात राहिलेल्या पोराला गुरुजी तेच, पुस्तक तेच, मित्र तेच. फक्त एक अट आहे. वसतिगृह ट्रक निघायच्या आधी उघडायला हवं. टोळ्या गेल्यावर पंधरा दिवसांनी ताटं मांडली तर जेवायला येणार कोण? दसऱ्याच्या आत खोली, गाद्या आणि मुलींसाठी विश्वासू बाई दिसली, तर आई पोरीला ठेवून जाते.

तुम्ही काय करू शकता?

डिसेंबर-जानेवारीत पुणे-सोलापूर रोडने लाँग ड्राइव्हला जाल, तेव्हा उसाच्या कडेला ताडपत्रीच्या कोप्या दिसतील. फोटो काढायचा मोह होईल. त्यापेक्षा चहाच्या टपरीवर थांबून जवळची जिल्हा परिषदेची शाळा विचारा आणि मुख्याध्यापकांना सांगा की अमुक ठिकाणी टोळी उतरलीय, पोरं आहेत. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो, दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. वसतिगृहाइतकं हे चांगलं नाही, पण यंदा फडात येऊन पोचलेल्या पोराला यंदाच शाळा हवी.

आणि गोव्याला जाणार असाल तर खुशाल जा! फक्त टीचरना खरं कारण सांगा, परीक्षेचा आठवडा टाळा. बुडालेले चार दिवस भरून काढायला तुमच्या पोराकडे तुम्ही आहात.