मोटारीचा क्लच

मोटारीत बसलेल्या प्रवाशाचे लक्ष चालकाच्या हातांकडे जाते. त्याच्या डाव्या पायाकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः गिअर बदलताना इंजिन व चाके यांचा संबंध क्षणभर तोडण्याचे काम हाच पाय करीत असतो.

क्लचचे पेडल काही मोटारींत तारेने जोडलेले असते, तर पुष्कळ मोटारींत हे काम तेलाकडे सोपविलेले असते. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने मांडले. त्याचा यासंबंधीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. पेडल दाबले, की एक दांडी वरच्या नळकांड्यातील दट्ट्या ढकलते. तेल बारीक नळीतून खालच्या नळकांड्यात शिरते, तेथील दट्ट्या पुढे सरकतो आणि क्लचची चकती मोकळी होते. खालच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ दुप्पट असेल, तर जोरही दुप्पट मिळतो. मात्र तो सरकतो निम्माच. जोराची किंमत अशी अंतरात मोजावी लागते.

म्हणूनच थोडेसे अंतर वाया गेले तरी क्लच बिघडतो. तेल दाबले जात नाही. हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा शिरला, की पाय त्या बुडबुड्यालाच दाबीत राहतो. पेडल मऊ लागते, चकती पुरती सुटत नाही व गिअर खरखरतो. भराभर दाबल्यावर पेडल कडक झाले, तर हवेचा संशय घ्यावा. पेडल दाबून धरले असता हळूहळू खचू लागले, तर रबरी वायसर झिजलेले असावे. अशा वेळी बाहेर थेंबही न सांडता तेल आतल्या आत मागे फिरू शकते! दोष चकतीचाच, असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात; परंतु चकती बदलावयाची तर गिअरपेटी उतरवावी लागते. आधी तेल पाहणे बरे.

काही मोटारींत दांडीची लांबी कमीजास्त करता येते. दांडी व दट्ट्या यांमध्ये किंचित फट हवी. ती किती, हे मोटारीच्या पुस्तिकेत दिलेले असते. फट मुळीच नसेल, तर दट्ट्या पुरता मागे येत नाही, कोंडलेले तेल तापून फुगते आणि क्लच घसरू लागतो. फट फार असेल, तर पेडलाची चाल फुकट जाते.

हवा काढण्यास दोघे लागतात. मोटार सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा व चाकांना अडण्या लावाव्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही शिरू नये. खालच्या नळकांड्याच्या तोटीला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील तेलात बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने तोटी सैल करून बुडबुडे जाऊ द्यावेत व ती आवळावी. मगच पेडल सोडावे. उलट केल्यास हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे आणि टाकी रिकामी होऊ देऊ नये. पुस्तिकेत सांगितलेलेच ब्रेकचे तेल वापरावे. इंजिनाच्या तेलाने वायसर फुगतात. ब्रेकचे तेल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

शेवटी ब्रेक दाबून इंजिन चालू करावे, क्लच दाबून थोडे थांबावे व मागचा गिअर टाकावा. तो न खरखरता पडला, म्हणजे क्लच पुरता सुटत आहे.