तळ्याकाठचे दीपस्तंभ

दीपस्तंभ म्हटले की आपल्याला समुद्र आठवतो. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर १८६७ साली आणि मुंबईला कुलाब्याच्या टोकापुढे १८७५ साली दीपस्तंभ बांधले गेले. पण तळ्याच्या काठालाही दीपस्तंभ असतात, हे मला गुरुजींनी नकाशा दाखवला तेव्हा कळले.

उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्याची पाच मोठी सरोवरे आहेत. त्यांतले सुपीरिअर सरोवर आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून मोठे आहे! त्यातून मोठमोठी जहाजे लोहखनिज नेतात. वादळात तिथे समुद्रासारख्या लाटा उठतात. धुक्यात काठ दिसत नाही, खडकही दिसत नाहीत. म्हणून या सरोवरांच्या काठाने दीपस्तंभ उभे राहिले. ईरी सरोवराकाठी मार्बलहेड येथे १८२२ साली लागलेला दिवा आजही चालू आहे.

पूर्वी हे दिवे तेलाचे असत. रखवालदार रोज संध्याकाळी जिना चढून दिवा लावी, वात कापी, काच पुसी. पुढे फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने खास भिंग तयार केले. इकडेतिकडे पसरणारा उजेड त्यामुळे एका झोतात येई आणि फार लांबून दिसे. आता बहुतेक दिवे विजेवर आपोआप चालतात.

पण वीजही दगा देते. १० नोव्हेंबर १९७५ रोजी सुपीरिअर सरोवरात मोठे वादळ झाले. व्हाइटफिश पॉइंटचा दिवा त्या संध्याकाळी वीज गेल्याने काही वेळ बंद पडला होता. त्याच रात्री एडमंड फिट्झजेराल्ड हे जहाज बुडाले. त्यावरचे २९ जण गेले. ते नेमके कशाने बुडाले, यावर अजून वाद आहे.

आपल्या डिंभे धरणात एवढी जहाजे नाहीत, म्हणून दीपस्तंभही नाही. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते जुने गाव याच पाण्याखाली गेले. जुन्या वाटाही बुडाल्या. मामाच्या वाडीला जायचे तर होडीने जावे लागते. मागच्या पावसाळ्यात मामाला यायला अंधार झाला. धुके एवढे की हातभर दिसेना. आजी कंदील घेऊन काठावर उभी राहिली. मी म्हटले, "आजी, घरात चल, भिजशील." ती काही हलली नाही. बऱ्याच वेळाने वल्ह्याचा आवाज आला. मामा उतरला आणि म्हणाला, "आये, तुझी बत्ती दिसली म्हून काठ गावला."

म्हणून पालकांना माझी एक विनंती आहे. घरचे माणूस पाण्यावर असेल, तर ते काठाला लागेपर्यंत दिवा विझवू नका.

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थिनी