प्रार्थनाकीटकाची अंडपेटी

पुढचे दोन पाय जोडून नमस्कार करीत बसल्यासारखा दिसणारा हिरवा कीटक आपण सर्वांनी पाहिला आहे. आपण त्याला प्रार्थनाकीटक म्हणतो. तमिळ भाषेत त्याचे नाव कुंबिडुपूच्चि, म्हणजे हात जोडणारा किडा, असे आहे. ते जोडलेले हात वस्तुतः भक्ष्य पकडण्याचे काटेरी चिमटे होत, ही गोष्ट वेगळी.

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधल्या कुंभकोणम गावाची कथा अशी की, सृष्टीची बीजे भरलेला ब्रह्मदेवाचा कुंभ प्रलयाच्या पाण्यातून वाहत येऊन येथे थांबला. त्याच गावच्या परसात कुंपणाच्या काटकीला चिकटलेला, वाळलेल्या फेसासारखा तपकिरी गोळा दिसला तर तो चिखल समजून खरवडू नये; तोही एक बीजकुंभच आहे. मादी अंडी घालताना शरीरातून स्राव सोडते, तो घुसळून त्याचा फेस करते आणि त्यात अंड्यांच्या ओळी रचते. फेस वाळून कठीण होतो. जातीप्रमाणे अशा एका पेटीतून तीसचाळीस किंवा शंभराहून अधिक पिल्ले निघतात. पोंगलच्या आधी, भोगीच्या पहाटे, अंगणातला जुना केरकचरा जाळतात. छाटलेल्या काटक्यांबरोबर ही पेटीही त्यात जाण्याचा संभव असतो. तेव्हा काटक्या एकदा न्याहाळाव्यात आणि पेटी दिसल्यास ती डहाळीसकट कापून घ्यावी.

पुढे काय करावे, याविषयी अमेरिकेकडील सूचना वाचून पुष्कळांची फसगत होते. तेथे बागांसाठी अंडपेट्या विकत मिळतात आणि त्या शीतकपाटात ठेवाव्यात असे सांगितलेले असते. त्याचे कारण उघड आहे. तेथील अंडी हिवाळाभर निजून राहतात. उबदार खोलीत आणल्यास पिल्ले भर थंडीत बाहेर पडतात आणि खाद्यावाचून मरतात. कुंभकोणमला तसा हिवाळाच नाही. तेथील जातींच्या अंड्यांना शीतनिद्रेची आवश्यकता नसते. थंडीने उलट त्यांचा घातच होईल. पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसची ऊब त्यांना मानवते, आणि ती तेथे घरच्या सावलीत आयतीच मिळते.

खरी काळजी घ्यावयाची ती दमटपणाची. पेटी अगदी कोरडी पडली तर आतली अंडी सुकतात. बंद बरणीत पाणी साचले तर बुरशी धरते. म्हणून रुंद बरणीच्या तोंडाला मलमल बांधावी, एक दिवसाआड बरणीच्या आतल्या बाजूवर पाण्याचा हलका तुषार मारावा, आणि ते पाणी काही वेळाने सुकते की नाही हे पाहावे. ईशान्य मान्सूनच्या दिवसांत हवाच इतकी ओली असते की, तुषार बहुधा नकोच.

पेटी झाडावर ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत टांगावी आणि तिच्याखाली चार बोटे तरी मोकळी जागा राखावी. पिल्ले प्रथम अळीसारखी, एका पातळ कातीत गुंडाळलेली अशी बाहेर येतात, बारीक तंतूंवर लोंबकळतात आणि तेथेच ती कात टाकतात. खाली जागा नसेल तर ती एकमेकांत गुंतून जायबंदी होतात.

या कोवळ्या घटकेला मुंग्यांचे मोठे भय असते. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फाब्र याने मुंग्यांनी नवजात पिल्लांची केलेली कत्तल तपशिलाने वर्णिली आहे. आपल्या स्वयंपाकघरात दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची जुनी रीत होती. बरणीच्या स्टुलालाही तोच उपाय करावा.

साधारणपणे चार ते आठ आठवड्यांत, बहुधा सकाळच्या वेळी, पिल्ले निघतात. दोनएक दिवसांत त्यांना झुडपांवर विखरून सोडावे. एकत्र ठेवल्यास ती परस्परांना खातात. काही पाळावयाचीच असतील तर पिकल्या केळ्यावर जमणारी चिलटे त्यांना पुरतात. मात्र सारी कीड ती निपटतील अशी आशा धरू नये. मोठेपणी ती मधमाश्यांनाही सोडीत नाहीत.

पिल्ले निघून गेल्यावरही पेटी बाहेरून जशीच्या तशी दिसते. तिच्याखाली लोंबणाऱ्या तंतूंवरील बारीक काती हीच खूण. याउलट पेटीवर टाचणीने पाडल्यासारखी गोल भोके आढळली तर पोडॅग्रियन नावाच्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाशीने आपली अंडी आत घातली होती, असे समजावे. तरीही अशा पेटीतील सर्वच अंडी नष्ट झालेली असतात असे नाही. उरलेली पिल्ले मागाहून बाहेर पडू शकतात. म्हणून ती आणखी काही आठवडे टांगलेलीच राहू द्यावी.