अनवाणी फुटबॉल

मुरब्याच्या पुळणीवर पोरे अनवाणी चेंडू खेळतात. आपल्या देशाचे गडीही पूर्वी तसेच खेळत. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकात बहुतेकांच्या पायांत बूट नव्हते. फ्रान्सने २-१ ने हरवले. चेंडू जाळ्यात गेला की एक गोल धरतात.

१९५२ साली हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने १० गोल चढवले, आपला एकच! मग बूट सक्तीचे झाले. बुटाच्या तळाला खुंट्या असतात, त्यामुळे ओल्यात पाय सरकत नाही. पण सवयीचा पाय बुटात कोंडणे सोपे का आहे? ते रहीमसाहेबांनी करून घेतले. ते पेशाने शिक्षक, म्हणून आम्हांला नवल वाटत नाही.

१९५६ साली मेलबर्नला आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. तीन गोल एकट्या मुंबईकर नेव्हिल डिसूझाचे. पुढे पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. १-४ ने हरलो खरे, पण पहिला गोल आपला होता.