आधी वारा, मग वाळा

गणपतीच्या आधीच्या शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडायची, मांडव्याला उतरायचं, चोंढीच्या नाक्यावर नारळ नि उदबत्त्या घ्यायच्या आणि किहीमच्या घराचं कुलूप उघडायचं, हा आमचा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. कुलूप सुखासुखी उघडत नाही. खोबरेल सोडावं लागतं, किल्ली हलवावी लागते, देवाचं नाव घ्यावं लागतं. मग दार लोटलं की घर अंगावर येतं. ओलं गोणपाट, जुनी पंचांगं, भिजून तशीच राहिलेली सतरंजी आणि बंद ट्रंक, सगळ्यांचा मिळून एक वास. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: कुबट.

पहिल्या वर्षी मी मुंबईहून सुगंधी फवाऱ्याचे दोन डबे आणि एक जाडजूड वासाची मेणबत्ती नेली होती. अर्ध्या तासात घराला लिंबू, लॅव्हेंडर आणि कुबट असा तिहेरी वास यायला लागला. घर राखणाऱ्या मावशी पदर नाकाला लावून दारातच उभ्या. "ताई, आधी हाय तो वास भायेर काढा. मग तुमचा काय तो घाला." त्यानंतरचं बरंचसं मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यामागचं शास्त्र नंतर वाचलं.

कुबट वास हा मुख्यतः बुरशीचा. ती भिंतीवर काळी-हिरवी दिसायच्या आधीच कपाटामागे, गादीच्या शिवणीत, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत वाढू लागलेली असते आणि वाढता वाढता हवेत काही द्रव्यं सोडते. त्यातलं एक ऑक्टेनॉल. अळंब्यांना जो अळंब्यांचा वास येतो, तो त्याच्यामुळे. जोडीला मातकट वासाचं जिओस्मिन. पहिल्या पावसाच्या मृद्‌गंधातही हेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ साली त्या मृद्‌गंधाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. आपलं नाक या जिओस्मिनच्या बाबतीत भलतंच तिखट आहे. लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी त्याला कळतं. जूनमध्ये अंगणात ज्याच्यावर कविता होतात, तेच ऑगस्टमध्ये कपाटात भरलं की आपण नाक मुरडतो.

आता हा वास किहीमलाच एवढा का? पाऊस तर आहेच, अलिबागच्या या पट्ट्यात वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास. पण पाऊस माथेरानलाही पडतो. इथे त्यात मीठ मिसळतं. लाटा फुटल्या की खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर सुरूच्या बनातून थेट भिंतींवर येऊन बसतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसंच भिंतीतल्या मिठाला सुटतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याच्या कितीतरी आधीच. पावसाळ्यात इथली आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. म्हणजे गळती नसतानाही भिंत पाणी पीत राहते. किनाऱ्यावरची वाळू नीट न धुता गिलाव्यात घातलेली असेल, तर ती भिंत जन्मभर ओलसर. त्यावर लोक प्लास्टिक रंग देतात. मग आतला ओलावा बाहेर पडायला वाट शोधतो आणि रंगाला फोड येतात. साधी चुन्याची सफेदी दिली तर भिंतीला श्वास घेता येतो, शिवाय चुना इतका अल्कधर्मी की ताज्या सफेदीवर बुरशीला पाय रोवता येत नाही. दरवर्षी द्यावी लागते, हाच काय तो तिचा दोष.

जुनी घरं या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणी होती. जांभ्याची भिंत, पुढे पडवी, मागे पडवी, समोरासमोर दारं आणि वर कौलं. कौलांच्या फटींतून तापलेली हवा दिवसभर वर निघून जायची. सुगरणीचं घरटं आठवून बघा. सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात इथे किहीमलाच शिडी लावून, आडोशात बसून सुगरणींचं घर बांधणं पाहिलं आणि पुढच्या वर्षी त्यावर लेख लिहिला. नराने विणलेल्या त्या गवताच्या घरात पाणी शिरत नाही, पण वारा शिरतो. आमच्या बंगल्यांचं नेमकं उलटं: वर स्लॅब, मोठमोठ्या सरकत्या काचा, आत एसी. दिसायला झकास, पण मालक मुंबईत आणि चार महिने काचा बंद.

जुन्या घरात आणखी एक गोष्ट होती, चूल. तिच्या धुराने आढी-वासे काळे पडायचे, पण कोरडेही राहायचे. बियाण्याची कणसं, कांद्याच्या वेण्या, सुकी मासळी तिच्याच वर टांगलेली असायची. चुलीचं कौतुक मी जपूनच करते. त्या धुरात बायकांचे डोळे नि फुप्फुसं गेली, आणि गॅस आला हे उत्तमच झालं. पण घर रोज आतून शेकणारी एक शेगडी गेली आणि तिच्या जागी आपण दुसरं काही आणलं नाही, हेही खरं.

तर कुबट वास काढायचा कसा? मावशींचा पहिला नियम वाऱ्याचा आहे, आणि वारा कधी घ्यायचा याचाही. पावसाळ्यात झड लागलेली असताना खिडक्या सताड उघड्या टाकल्या तर बाहेरची दमट हवा आत येऊन गार लाद्यांवर दवासारखी बसते. लादी पुसा नि पुन्हा ओली. उघडीप पडली की, तीही अकरा ते तीनच्या दरम्यान, समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या आणि पंखे पूर्ण सोडायचे. पाऊस सरला की शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे कामी येतात. दिवसा समुद्रावरून येतात ते खारे, रात्री ते पहाटे जमिनीवरून येतात ते मतलई. थंडीत मतलई वारा कोरडा असतो. म्हणून ऑक्टोबर सरल्यावर मावशी पहाटे पूर्वेच्या खिडक्या उघडतात आणि दुपारी पश्चिमेच्या लावून घेतात. समुद्र दिसावा म्हणून बांधलेल्या घरात समुद्राकडची खिडकी बंद ठेवायची! पाहुण्यांना हे पटत नाही.

दुसरा नियम चुन्याचा. ताजा, खडे असलेला कळीचा चुना आणायचा, मातीच्या मोठ्या पसरट भांड्यात निम्म्याच्या खाली भरायचा आणि कपाटाच्या तळाला ठेवायचा. एक किलो चुना साधारण ३२० ग्रॅम पाणी पिऊन टाकतो. गेल्या वर्षी मी निम्म्याऐवजी काठोकाठ भरलं होतं. पंधरा दिवसांनी कपाट उघडलं तर खडे फुटून पांढरी भुकटी झालेली, ती फुगून भांड्याबाहेर सांडलेली आणि माझ्या चांगल्या चपलांची एक जोडी चुन्यात लोळलेली. पाणी पिताना चुना तापतो नि फुगतो, हे शाळेत शिकले होते, पण परीक्षेपुरतं. लहान मुलं असलेल्या घरात तो ठेवू नये. डोळ्यात गेला तर फार वाईट. तिथे लोणारी कोळशाची टोपली बरी. कोळसा पाणी फारसं शोषत नाही, पण वासाचे कण आपल्या छिद्रांत अडकवून ठेवतो. अधूनमधून त्याला कडक ऊन दाखवलं की पुन्हा कामाला लागतो.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं आणि त्याची दारं रोज तासभर उघडी ठेवायची. गाद्या उभ्या करून ठेवायच्या. बाहेरगावी जाताना फ्रिज बंद केला तर त्याचं दार फटीपुरतं उघडं, मध्ये कापडाची घडी घालून. ही कामं नैसर्गिक म्हणावीत की नुसती कटकट, हे ज्याने त्याने ठरवावं. पण बाजारातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा यांचा गुण जास्त.

कपड्यांचं प्रकरण वेगळं. पावसात न वाळलेल्या टॉवेलाला येतो तो आंबूस वास बुरशीचा नसतो. जपानी संशोधकांनी २०१२ साली त्यामागे मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं दाखवलं. तो साबणाने धुऊनही धाग्यांत टिकून राहतो, म्हणून टॉवेल धुतलेला असतो तरी ओला झाला की पुन्हा वास मारतो. उपाय आजीचाच: उकळतं पाणी किंवा कडक इस्त्री, आणि मग ऊन. उन्हात वाळलेल्या कपड्यांना जो कोरा, स्वच्छ वास येतो, तो मनाचा खेळ नव्हे. डेन्मार्कमधल्या रसायनतज्ज्ञांनी टॉवेल घरात, सावलीत आणि उन्हात वाळवून पाहिले. उन्हातल्या टॉवेलांवर पेंटॅनल, ऑक्टॅनल, नोनॅनल अशी द्रव्यं सापडली; यांतली काही फुलांत आणि अत्तरांतही असतात. ओल्या कापडावर ऊन पडलं की ती तिथेच तयार होतात. म्हणजे दोरीवरची चादर स्वतःपुरतं थोडं अत्तर बनवत असते.

आणि मासळी. किहीमला राहायचं आणि घराला मासळीचा वास नको म्हणायचं, हे थळ-नवगावच्या शेजारात शोभत नाही. आगोटीची खरेदी, म्हणजे पावसाळ्याआधी भरायची सुकट, बोंबील, अंबाड, ही डब्यात घट्ट झाकण लावून ठेवली की प्रश्न मिटतो. उरतो तो ताज्या मासळीचा, भांड्यांना आणि हातांना लागलेला. तो ट्रायमिथिलअमाइनचा. ते अल्कधर्मी. आंबट लागलं की त्याचा क्षार होतो, आणि क्षार उडत नाही. उडत नाही म्हणून नाकापर्यंत येत नाही. मासळीच्या कालवणात आमसूल नि चिंच का पडते, याचं निम्मं उत्तर इथे आहे. म्हणून भांड्यांना आधी वापरलेल्या आमसुलाची किंवा लिंबाची साल चोळायची आणि मग साबण लावायचा. सगळीकडे सांगतात तो खाण्याच्या सोड्याचा उपाय इथे लावू नका. सोडा स्वतःच अल्कधर्मी, त्याने वास बसायच्या ऐवजी उठतो. आंबलेल्या दुधाच्या पिशवीला, फ्रिजमधल्या नासक्या वासाला मात्र सोडा छान.

एवढं झालं की मग, मावशींच्या भाषेत, आपला काय तो वास घालायचा. इथे मात्र मी हात आखडता घेत नाही. श्रावणात केवडा आला की एक कणीस आणायचं, त्याची पानं सुटी करून रेशमी साड्यांच्या घड्यांत ठेवायची. वास नर झाडाच्या कणसाला असतो, काटे सांभाळून. बकुळ तर सुकल्यावरही वर्षभर हाक मारते. तिचे गजरे चादरींच्या कपाटात. ऊद म्हणजे सुमात्राकडच्या झाडाचा डिंक. त्यात व्हॅनिलासारखा गोडवा आहे, म्हणून संध्याकाळी निखाऱ्यावर चिमूटभर. चिमूटभरच, कारण धूर कितीही सुवासिक असला तरी शेवटी धूरच. खिडकी उघडी हवी. कापूर कपाटात चालतो, तो न वितळता थेट हवेत उडतो. पण मुलांच्या हाताला लागू देऊ नये, पोटात गेला तर विषारी.

वाळ्याचं सांगायला हवं, कारण शीर्षकात त्याला बसवलंय. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात वाळ्याचे ओले पडदे घर गारही करतात आणि सुगंधीही. तो गारवा पाणी उडून जाण्याचा. किहीमच्या हवेत पाणी उडतच नाही, त्यामुळे इथे वाळ्याचा पडदा म्हणजे बुरशीला दिलेलं आवतण. इथे त्याची जागा माठात, कोरड्या जुडीची जागा कपाटात. तसंच कुंड्यांचं. नासाच्या १९८९ च्या अहवालानंतर घरातली झाडं हवा शुद्ध करतात असं सगळे म्हणू लागले. तो प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अशा प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा उघड्या खिडकीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील असं निघालं. दिवाणखान्यात एवढी झाडं लावली तर माणसांनी अंगणात राहावं लागेल. कुंड्या पडवीतच बऱ्या.

आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही, ही या सगळ्यातली मोठी अडचण. नाक काही मिनिटांत सरावतं. म्हणून काम संपलं की मी समुद्रावर चक्कर मारून येते आणि दारातून आत शिरतानाचा पहिला श्वास तेवढा मोजते.

यंदा एक नवीच पंचाईत झाली. साड्यांच्या कपाटात मावशी वर्षानुवर्षं चाळीस वॉटचा पिवळा बल्ब मंद जळता ठेवायच्या, कपड्यांपासून लांब, जाळीच्या आड. त्याच्या उबेने कपाट कोरडं राहायचं. तो गेला. दुकानदाराने एलईडी दिला. मावशींनी तो लावला, हात जवळ नेऊन पाहिला आणि काढून माझ्या हातात ठेवला. "ह्यो नुसता उजेड पाडतो," म्हणाल्या. "मुंबयला गावतो का बघा जुना."