हिराबाग : एका नावाचा शोध

वडिलांच्या संग्रहात ‘वरांगचरित’ या संस्कृत काव्याची 1938 सालची प्रत आहे. संपादक कोल्हापूरचे आ. ने. उपाध्ये, प्रकाशक माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला, हिराबाग, मुंबई. त्या पत्त्याशेजारी वडिलांनी पेन्सिलीने लिहिले आहे : ‘हिऱ्यांच्या व्यापाऱ्याची वास्तू.’

ही माहिती त्यांना मीच दिली होती. नोकरीच्या आरंभी मी गिरगावात सी. पी. टँक परिसरात राहत असे. हिराबाग धर्मशाळा येता-जाता दिसे. ती दानवीर शेठ माणिकचंद जव्हेरी यांनी बांधली, एवढे ऐकून होतो. जव्हेऱ्याची वास्तू, तेव्हा नाव हिऱ्यावरूनच, असे मी परस्पर ठरवून टाकले.

निवृत्तीनंतर ते पुस्तक पुन्हा हाती आले. हिशेब तपासणाऱ्याची नजर सहजासहजी जात नाही. सुरतेहून आलेल्या या पेढीचा लौकिक मोत्यांच्या व्यापारातला; मग हिरा कोठून आला? ब्रह्मचारी शीतलप्रसादांनी लिहिलेले शेठजींचे चरित्र मिळवून वाचले. उत्तर वंशावळीतच होते. पित्याचे नाव हिराचंद, पितामहांचे गुमानजी. बंधू मोतीचंद, पानाचंद, नवलचंद. घरात नावेच रत्नांची, त्यामुळे माझ्यासारख्याची फसगत व्हावी यात नवल नाही. मुंबईतील विद्यार्थी वसतिगृहालाही शेठजींनी ‘हिराचंद गुमानजी’ हेच पूर्ण नाव दिले होते. तेथे शंकेला जागा नव्हती. ‘हिराबाग’मध्ये मात्र माणूस आखडून दोन अक्षरांचा झाला. शेजारचे सी. पी. टँक तरी वेगळे काय? कावसजी पटेलांचे तळे बुजले, उरली ती आद्याक्षरे.

शेठजी 1914 मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ निघालेल्या ग्रंथमालेची धुरा पंडित नाथूराम प्रेमी यांनी वाहिली. त्यांच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयाचा पत्ताही हिराबागच. प्रेमचंदांची ‘गोदान’ 1936 मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केली. म्हणजे सुरतेच्या एका हिराचंदांचे नाव हजारो पुस्तकांच्या पानांवरून देशभर गेले, आणि वाचकांपैकी कितीजणांना तो माणूस दिसला असेल? मी तर त्या दारावरून रोज जात होतो.

वडिलांचे टिपण खोडून काढण्यास मन धजेना. त्याखाली पेन्सिलीनेच लिहिले : ‘शेठ हिराचंद गुमानजी यांच्या नावाची वास्तू. पूर्वीची माहिती चुकीची, मी दिलेली.’ खाली सही आणि तारीख घातली.