पुळणीवरची बिनतारी गाडी

सुट्टींत मुलांच्या हातीं काय द्यावें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस दरवर्षीं पडतो. अष्टागरांतील आमच्या घरीं नातवंडांनीं तो परस्पर सोडविला. त्यांनीं बिनतारी संदेशानें चालणारी 'बग्गी' मागितली. बग्गी म्हटली कीं घोडा आठवतो. हिला घोडा नाहीं, सारथि मात्र आहे आणि तो वीस पावलांवर उभा असतो.

कल्पना नवी नव्हे. निकोला टेस्ला ह्या शास्त्रज्ञानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें लोकांसमोर एक लहानशी नाव अशीच दुरून चालवून दाखविली होती. खडबडीत भूमीवर धावणाऱ्या छोट्या गाड्यांचा शोक पुष्कळ उशिरा आला. जपानमधील तामिया कंपनीची 'सँड स्कॉर्चर' १९७९ सालीं निघाली, आणि १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील डेल मार येथें एक-दशांश मापाच्या अशा गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

बाजारांत तयार गाडी मिळते, तशी सुट्या भागांची पेटीहि मिळते. आमचें मत निःसंशय पेटीच्या बाजूचें आहे. पुळणीवरची बारीक वाळू बेअरिंगांत शिरते, खारा वारा स्क्रूंना गंज चढवितो. दोन-चार दिवसांच्या खेळानंतर गाडी उकलावी लागतेच. जिचा प्रत्येक भाग मुलानें स्वतः जुळविला, ती तो उकलतो, पुसतो व पुन्हां उभी करतो. तयार घेतलेली गाडी बंद पडली कीं माळ्यावर जाते.

शिवाय त्या जुळणींत जें शिक्षण आहे, तें वर्गांत देतां देतां आमचा जन्म गेला! बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर स्वतंत्रपणें फिरतात. म्हणून वळतांना बाहेरचें चाक अधिक अंतर कापतें, आंतलें कमी, आणि गाडी सहज वळते. मोटारीनें दोन्ही चाकें फिरवावयाचीं असतां हें स्वातंत्र्य टिकावें कसें? त्यासाठीं मध्यें दंतचक्रांची एक जोडणी असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. जोडणी पुरी झाल्यावर धाकट्या नातवानें गाडी उचलून एक चाक पुढें फिरविलें, तों दुसरें आपोआप मागें फिरलें. "आजोबा, हें उलटें कां जातें?" असें तो विचारूं लागला, आणि त्या दिवशीं जेवणाची पानें अर्धा तास खोळंबलीं. धक्के शोषणाऱ्या नळ्यांचेंहि तसेंच. तेल दाट घातलें तर आंतील दांडा सावकाश हलतो. फार पातळ घातलें तर उडी मारून खालीं येतांना गाडीचें पोट भुईवर आपटतें. मागच्या टायरांस वल्ह्याच्या पात्यांसारख्या आडव्या पट्ट्या असल्या म्हणजे मऊ वाळूंत त्या चांगल्या रेटा देतात.

शर्यत केव्हां लावावी, हें पंचांग सांगतें. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली कीं भरतीची अदमासें वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. अष्टमीस भरती सहाच्या सुमारास, म्हणून ओहोटी बाराच्या. तें ऊन मुलांना सोसवत नाहीं. अमावास्या-पौर्णिमेस भरती बाराच्या व ओहोटी सहाच्या सुमारास येते, आणि उधाणाचे दिवस असल्यानें पाणी दूरवर हटून ओली, घट्ट वाळू मोकळी होते. ह्याच पट्ट्यावर बैलगाड्यांच्या शर्यतीहि होत आल्या. सर्वोच्च न्यायालयानें त्या २०१४ सालीं बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरांत सशर्त परवानगी दिली, व १८ मे २०२३ रोजीं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. छोट्या गाडीच्या शर्यतींत कोणाच्या पाठीवर चाबूक पडत नाहीं, हें आम्हांस विशेष आवडतें.

ह्या खेळांतील एक रीत तर शाळांनीं उचलावी अशी आहे. ज्यांची फेरी संपली, त्यांनीं पुढच्या फेरीस मार्गाच्या कडेला उभें राहून दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करावयाच्या. थोरल्या नातवाची गाडी वळणावर कोलमडून तो हरला, आणि लगेच धाकट्याची उलटलेली गाडी उचलण्याची पाळी त्याच्यावर आली. त्यानें ती उचलली. तोंड वांकडें करून कां होईना.

बॅटरीविषयीं मात्र घरांतील मोठ्यांनीं कडक असावें. लिथियम-पॉलिमर जातीच्या बॅटरीचा प्रत्येक घट भरतांना ४.२ व्होल्टच्या वर जाऊं नये, व वापरतांना ३ व्होल्टच्या खालीं उतरूं नये. फुगलेली बॅटरी पुन्हां भरूं नये. ती पेट घेऊं शकते. रात्रीं चार्जिंगला लावून निजणें तर सर्वथा वर्ज्य. आमच्या सूनबाईंनीं माजघरांत चार्जिंग करण्यास पहिल्याच दिवशीं साफ नकार दिला. आतां तें काम अंगणांतील फरशीवर, कोणी जाणतें माणूस समोर बसलें असतांनाच होतें.

दक्षिणेकडे दिवेआगर-हरिहरेश्वराच्या बाजूस गाडी नेणारांस एक विनंति आहे. तेथें हिवाळ्यांत ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें रात्रीं किनाऱ्यावर चढून कोरड्या वाळूंत अंडीं घालतात, आणि पिलें बाहेर पडावयास सुमारें दीड-दोन महिने लागतात. वरून पाहणारास घरटें ओळखूंहि येत नाहीं. गाडीच्या उड्यांना नेमके हेच कोरडे उंचवटे मुलांना हवे असतात, पण भरतीच्या रेघेच्या वर गाडी नेऊंच नये. आमच्या मुलांनीं आपल्या पुळणीवरहि हाच नियम पत्करला आहे. उडीसाठीं तीं ओल्या वाळूचा उंचवटा रचतात. तो भरतींत वाहून जातो, आणि पुढच्या अमावास्येस पुन्हां रचावा लागतो. चार मुलांस त्याला अर्धा तास पुरतो.